काळी पिशवी, पांढरी पिशवी

पिंपळमळा, १२ जानेवारी २००६

श्रीधर,

आशीर्वाद माझ्या वाटचे लिहिते. आईचे हवे असतील तर तिलाच मागावे लागतील, आणि ती देईल असं मला वाटत नाही.

फोन तू उचलत नाहीस. शाळेतल्या कॉम्प्युटरवरून ईमेल केली, तिचंही उत्तर नाही. म्हणून हा कागद. पोस्टमन तरी तुझ्या दारापर्यंत जाईल.

एकच विचारायचं आहे. काल आप्पासाहेबांनी लोकांना देवळात बोलावलं. सरपंचपद जाऊन नऊ वर्षं झाली, गाव पालिकेत गेलं, तरी बोलावणं अजून त्यांचंच असतं. म्हणाले, खाणीतल्या कचऱ्याच्या डोंगरावर आता इलाज निघाला आहे. स्वीडनची एक कंपनी इथे कचरा जाळून वीज करण्याचा कारखाना टाकणार. मार्चमध्ये जनसुनावणी, आणि तिथे कंपनीचे तज्ज्ञ गावाला सगळं समजावून सांगणार. मग त्यांनी तज्ज्ञांची नावं वाचली. दोन नावं त्यांना धड उच्चारता आली नाहीत. तिसरं स्पष्ट वाचलं. श्रीधर सोनबा पवळे.

आपल्या शेजारची बायडाबाई माझ्याकडे वळली आणि एवढंच म्हणाली, "पुन्हा?"

तो तूच आहेस का?

ती "पुन्हा" का म्हणाली हे तुला सांगायची गरज नसावी. पण मला लिहून काढल्याशिवाय राहवत नाही. १९९५ साली शहराच्या कचऱ्याला जागा हवी होती आणि आपली दगडाची खाण रिकामी होती. तू नुकताच जपानहून शिकून आला होतास. गावानं आपला पोरगा म्हणून तुलाच उभं केलं. तू फळ्यावर चित्र काढलंस. खाली जाड कापड, वर माती, मग कचरा, पुन्हा माती. वास येणार नाही, पाण्यात काही उतरणार नाही. बाप म्हणून दादांनी सगळ्यांच्या आधी अंगठा दिला, आणि सोनबांनी दिला म्हणून बाकीच्यांनी.

कापड आलंच नाही. माती पहिले काही महिने आली, मग ठेकेदार बदलला. दादांच्या विहिरीचं पाणी आता चहाच्या रंगाचं आहे. डोंगर आपोआप पेटतो आणि दिवसचे दिवस धुमसतो. वर्गाच्या खिडक्या बंद करून मी भूगोल शिकवते.

दादा गेले तेव्हा तू तेरावं उलटल्यावर पोचलास. ते आईनं सोडून दिलं असतं. पण तू ओट्यावर बसून म्हणालास, "मी सांगितलं ते बरोबरच होतं. त्यांनी केलं नाही, यात माझी काय चूक?" आईनं विचारलं, "मग कुनाची?" तू उठलास, आणि त्याला आता सहा वर्षं होतील.

तो तू असलास तर कळव. नसलास तरी कळव.

मुक्ताताई

पिंपळमळा, २९ जानेवारी २००६

श्रीधर,

उत्तर नाही. पत्राला आठवडा-दहा दिवस लागतात हे मला कळतं. तरी शाळेतून आले की चपला काढायच्या आधी कोनाड्यात बघते.

थांबून राहणं मला जमत नाही, म्हणून तुझी जुनी पत्रं काढून बसले. तू पूर्वी किती लिहायचास. जपानमध्ये तू पिशवी चुकीच्या वारी बाहेर ठेवलीस, तर ती लाल कागद चिकटवून परत तुझ्या दारात आली होती. मग शेजारची म्हातारी दुधाचा रिकामा खोका घेऊन आली आणि तो धुवायचा, उभा कापायचा, वाळवायचा नि बांधून ठेवायचा कसा ते तुला शिकवून गेली. तू लिहिलं होतंस, "आई जोंधळे निवडते तसे हे लोक कचरा निवडतात." दादांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं.

कैरोहून आलेलं कार्डही आहे. तिथे एक अख्खी वस्ती दारोदारचा कचरा उचलते, खरकटं डुकरांना घालते आणि बाकीचं हातानं वेगळं करून विकते. यंत्र एक नाही, आणि तरी बराचसा माल पुन्हा कामाला लागतो, असं तू आश्चर्यानं लिहिलं आहेस.

आणि स्वीडन. घरात दोन पिशव्या. काळीत जळणारं, पांढरीत साली नि उष्टं-खरकटं. गाडी एकच येते, पण पुढे यंत्र रंग ओळखून पिशव्या वेगळ्या करतं. पांढरी सडवून गॅस होतो, त्यावर तुमच्या बसगाड्या चालतात. काळी भट्टीत जाते आणि त्या उष्णतेवर तापलेलं पाणी घराघरांत फिरतं. भट्टीला कचरा कमी पडतो म्हणून शेजारच्या नॉर्वेतून आणतात, आणि वर पैसेही नॉर्वेच देतो. हे आईला वाचून दाखवलं होतं तेव्हा ती हसली होती. "आमचाबी न्या म्हनावं," म्हणाली होती. तेव्हा ती तुझ्या पत्रांना हसायची.

आमच्या शाळेत इंग्रजीला श्यामलाबाई आहेत, शनिवार पेठेतून येतात. त्यांना मधल्या सुट्टीत मी विचारलं, तुमच्या बादलीत रोज काय काय असतं?

"चहाचा चोथा, भाजीचे देठ, नारळाच्या करवंट्या, देवाची फुलं आणि कालची आमटी," त्या म्हणाल्या. "का हो? आपण जेवायला येणार आहात का?"

"ते पुढे कुठे जातं?"

"घंटागाडीत. पुढचं आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पेठेत तेवढी शिस्त आहे."

मग त्यांच्या लक्षात आलं की मी कुठून येते. त्यांनी डबा झाकून बाजूला सारला.

तर श्रीधर, आमटी, फुलं, करवंट्या, प्लास्टिक, पोरांचे लंगोट, झाडलोटीची धूळ, सगळं एका पिशवीत. यातली काळी कुठली आणि पांढरी कुठली? तुमच्या भट्टीत आमटी जळते का? हो की नाही एवढंच लिही. मला कारखान्याबद्दल बाकी काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

तुझे दाजी बरे आहेत. हल्ली गाव त्यांना संभाजीराव म्हणतं. बाकी विशेष काही नाही.

मुक्ताताई

पिंपळमळा, १७ फेब्रुवारी २००६

श्रीधर,

तुझं पत्र मिळालं. अर्धं पान, तेही टाइप केलेलं. "तंत्रज्ञान आता खूप पुढे गेलं आहे. सर्व बाबींचा अभ्यास झालेला आहे. अशा विषयात भावनेच्या भरात मत बनवू नये." खाली सही, पूर्ण नावाची. मी कोण आहे, तुझ्या कंपनीची ग्राहक?

मी आमटीचं विचारलं होतं.

आता मला एक सांगावं लागेल, कारण तू इथे येशील आणि तुला ते बाहेरून कळेल. गावातल्या बायकांनी ठरवलं होतं की सुनावणीला जायचंच नाही. मागच्या वेळी गेलो आणि फसलो, या वेळी मंडप रिकामा ठेवायचा. रथसप्तमीच्या आधी आमच्याकडे हळदीकुंकू होतं, तिथे हा विषय निघाला. मी म्हणाले, "जाऊ या. माझा भाऊ येतोय. या खेपेला तो खरं तेच सांगेल."

बायडाबाईनं विचारलं, "कशावरनं म्हन्तीस?"

"त्यानं मला तसं लिहिलंय," मी म्हणाले.

तुझं पत्र तेव्हा आलेलंही नव्हतं. मी का बोलले ते मला माहीत नाही. कदाचित तुझ्याबद्दल कुणी वाईट बोलायला लागलं की माझी जीभ आपोआप पुढे धावते म्हणून. आता बायका येणार आहेत, तेरा-चौदा घरांतल्या. त्या तुझ्यासाठी येत नाहीत, माझ्या शब्दावर येत आहेत. आणि माझ्या हातात तुझं हे अर्धं पान आहे.

दुसरंही सांगून टाकते. तुझ्या दाजींना कंपनीनं फाटकावर सुपरवायझर करायचं कबूल केलं आहे. आप्पासाहेबांनीच जमवून दिलं. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर हयात गेली माणसाची, आता कुठे कॉलरचा शर्ट शिवून घेतला आहे. मी सुनावणीत काही बोलणार असं त्यांच्या कानावर गेलं. भाकरी तशीच ठेवून म्हणाले, "कारखाना तुझ्याच भावाचा हाय. त्याला आडवी जाशील, तर मला आडवी गेल्यासारखं."

म्हणजे मी एका बाजूला आणि तू नि दाजी दुसऱ्या. आई कुठल्या बाजूला आहे ते ती सांगत नाही. तुझं नाव निघालं की सूप घेऊन बाहेर जाते.

हो की नाही ते लिही. टाइप करू नकोस.

मुक्ता

पिंपळमळा, ७ मार्च २००६

श्रीधर,

हे पत्र श्यामलाबाई घरी जाताना तुझ्या हॉटेलात देतील. एकाच शहरात आहोत आणि मला कागदच लागतो आहे. समोर असलास की तू बोलतोस आणि मी गप्प बसते, हे लहानपणापासूनचं आहे.

सकाळी तू न कळवता आलास. मी शाळेला निघाले होते. आईच्या घरावरून तुझी गाडी वेग कमी न करता पुढे गेली, ते मी पाहिलं. मला फाट्यावर घेतलंस आणि म्हणालास, "ताई, मला आधी डोंगर बघायचाय." केस किती पांढरे झालेत तुझे.

मी पुढचं लिहिते ते तुला माहीत नाही म्हणून नाही. परवा मंडपात बसशील तेव्हा तू ते विसरायला बघशील, म्हणून.

मार्केट यार्डाची गाडी खाली झाली. नुसते फ्लॉवरचे दांडे, कोबीची पानं, सडकी मेथी. तिच्यामागे पेठांची गाडी आली. तू तोंडाला रुमाल बांधलास आणि नव्या बुटांनी त्यात उतरलास. एक पिशवी स्वतः फाडलीस. भात, शहाळ्याची टरफलं, हार, तुटका कप, दुधाच्या पिशव्या. मूठभर घेऊन तू दाबलंस आणि पाणी तुझ्या कोपरापर्यंत ओघळलं. कचरा वेचणाऱ्या दोन बायका काम थांबवून तुझ्याकडे बघत होत्या.

मनगट पुसत तू म्हणालास, "ताई, हे असं जळणार नाही. वर डिझेल ओतत राहावं लागेल."

"आणि राख?"

तू खाणीकडे बघितलंस.

"आधी हे कळलं नव्हतं?"

"आम्हाला नमुने आले होते," तू म्हणालास. "वाळलेले होते. कुणी निवडून पाठवले असणार."

"मग परवा हे सांगशील?"

"परवा माझ्या दोन्ही बाजूंना माझे साहेब असतील."

"मी ते नाही विचारलं."

मग तू सांगितलंस की तिथे राहायची तुमची परवानगी या नोकरीवर आहे. लेक तिथल्या शाळेत आहे, तिला मराठी समजतं पण ती उत्तर स्वीडिशमध्ये देते. मी त्या मुलीला पाहिलेलंही नाही, आणि तिची शाळा सुटावी असं मी कसं म्हणू? तू मला शाळेच्या दारात सोडलंस. आठवीच्या वर्गात मी स्वीडनची राजधानी ओस्लो सांगितली. एका मुलीनं मला दुरुस्त केलं.

दिवसभर माझं मन धड एका जागी नाही. एकदा वाटतं तू बोलावंस, एकदा वाटतं तू तापानं आजारी पडावंस आणि सुनावणीला येऊच नयेस. पण वाळलेला नमुना कुणीतरी पाठवला आहे आणि त्यावर गाव अंगठे देणार आहे. मागच्या वेळी तुला पुढचं माहीत नव्हतं. या वेळी तुझ्या कोपरापर्यंत आलेलं आहे.

उद्याचा दिवस आहे. आईकडे जा. तिला काही सांगू नकोस, नुसता जा.

ताई

पिंपळमळा, १२ मार्च २००६

श्रीधर,

तू सुनावणीतून थेट विमानतळावर गेलास असं आप्पासाहेबांकडून कळलं. आईकडे गेला नव्हतास तेही कळलं.

मी मंडपात बायकांमध्ये बसले होते. तुला दिसत होते का, मला माहीत नाही. तुझा तो पडद्यावरचा कार्यक्रम छान झाला. निळं आकाश, पांढरा कारखाना, कारखान्याच्या गच्चीवर फुलझाडं. चिमणीतून काही येतच नाही असं वाटत होतं. तू एकदाही "पिंपळमळा" म्हणाला नाहीस, "साइट" म्हणालास. मी उठायच्या तयारीत होते. पदर नीट करायचं निमित्त करत होते. तेवढ्यात माझ्या शेजारून आई उठली. ती येणार हेच मला माहीत नव्हतं, कधी येऊन बसली तेही कळलं नाही.

तिनं माइक घेतला नाही.

"मागल्या टायमाला तू सांगितलंस म्हनून तुझ्या बानं अंगठा दिला," ती म्हणाली. "आता मी कुनाचं ऐकू, ते तूच सांग."

तुझ्या शेजारचे गोरे साहेब दुभाष्याला विचारत होते, ही बाई काय म्हणते. मग तू माइकवर म्हणालास, "आई, ऊन लागतंय तुला. खाली बस."

आणि ती बसली.

मागची पोरं ओरडायला लागली, कुणीतरी खुर्ची फेकली, अधिकाऱ्यांनी उरलेलं काम एप्रिलवर ढकललं. लेखी हरकती तोपर्यंत द्या म्हणाले. मी काल त्यांच्या कचेरीत जाऊन टिपण पाहिलं. "तांत्रिक तज्ज्ञांनी कोणतीही शंका व्यक्त केली नाही," असं लिहिलं आहे. खरंच आहे ते. तू कुठे काय व्यक्त केलंस?

बायडाबाई वाटेत भेटली की माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखी थांबत नाही.

आणि आई खूश आहे, हे तुला सांगायलाच हवं. घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता म्हणाली, "किती वर्सांनी बोलला. ऊन लागतंय म्हनला." रात्री जेवतानाही तेच. तिला वाटतं, तू तिच्याशी बोललास. मला वाटतं, तू तिला गप्प बसवलंस. तिला हे मी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तुला सांगते आहे.

एप्रिलच्या दहा तारखेला पुढची बैठक आहे. मला आणखी पत्र लिहायचं नाही. लिहीन बहुतेक, पण आत्ता तरी नाही.

मुक्ता

पिंपळमळा, ११ एप्रिल २००६

श्रीधर,

तू पाठवलेलं निवेदन अधिकाऱ्यांना वेळेत मिळालं, आणि मला पाठवलेल्या दोन प्रतीही. काल बैठकीत ते वाचलं गेलं. कसं ते सांगते, कारण तुला तिथून काही कळणार नाही.

कारकुनानं इंग्रजीत वाचायला सुरुवात केली, पाढे म्हटल्यासारखी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आप्पासाहेब म्हणाले, "राहू दे, कागद फायलीला लावा." तेव्हा मी उठले. म्हणाले, मी शिक्षिका आहे, मी मराठीत सांगते. तुझे दाजी पुरुषांच्या बाजूला बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

मी सांगितलं. शहराचा कचरा अर्ध्याहून जास्त ओला आहे, तो असा जळणार नाही. नमुने म्हणून कंपनीकडे जे आलं ते या डोंगरातलं नव्हतं. स्वीडनमध्ये भट्टीच्या आधी स्वयंपाकघर येतं. तिथे घराघरांत पिशव्या वेगळ्या व्हायला पुष्कळ वर्षं गेली आणि त्यानंतर भट्टी नीट चालली. इथे भट्टी आधी आणि पिशव्या मागून, असं होणार नाही. राखेला जागा लागेल आणि कागदावर ती जागा हीच खाण आहे.

मग शेवटचा परिच्छेद आला. तो मी गाळला. पुढे आई बसली होती. मी सरळ तुझ्या सहीवर आले आणि कागद खाली केला.

श्यामलाबाई माझ्यासोबत आल्या होत्या. रजा टाकून, बसनं, पेठेतून मांजरी गावावरून, स्वतःहून. त्यांच्याकडे निवेदनाची दुसरी प्रत होती. जागेवरूनच म्हणाल्या, "मुक्ताबाई, आपला एक परिच्छेद राहिला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

मग मी वाचलं. "१९९५ साली याच गावाला मी माझ्या माहितीच्या पलीकडची खात्री दिली होती. ती मी द्यायला नको होती. माझ्या वडिलांनी ती खरी मानली."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिव्या दिल्या नाहीत. बायडाबाई तेवढी म्हणाली, "एवढं म्हनायला अकरा वर्सं?" आणि पदर खोचून उभी राहिली, तिची म्हैस दारात यायची वेळ झाली होती. घरी येताना आईनं माझा हात धरला होता, उताराला धरते तसा. रस्ता सपाट होता.

कारखान्याला तूर्त परवानगी नाही. "तूर्त" असं लिहिलं आहे. गाड्या आज सकाळीही आल्या, रोजच्याइतक्याच. आप्पासाहेब लोकांना सांगतात की बहीण-भावानं मिळून गावाचा इलाज घालवला, आणि ऐकणारेही आहेत. संध्याकाळी वारा फिरला आणि धूर घरात आला की मलाही वाटतं, त्या निळ्या आकाशाच्या चित्रात निम्मं तरी खरं असतं तर.

दाजींनी कॉलरचा शर्ट ट्रंकेत ठेवला. माझ्याशी बोलत नाहीत. पाणी हवं असलं की तांब्या वाजवतात.

तुझी नोकरी गेली हे तू माझ्या प्रतींसोबतच्या चिठ्ठीत एका ओळीत लिहिलंस, हातानं. परवानगीचं काय होणार, लेकीच्या शाळेचं काय, यातलं काही लिहिलं नाहीस. मी तुला बोलायला लावलं. ते बरोबर होतं असं मला वाटतं. पण हे वाटणं रोज सारखं नसतं, आणि पहाटे तर अजिबात नसतं. काय झालं ते कळव. वाईट असलं तरी कळव.

मुक्ताताई

पिंपळमळा, २८ मे २००६

श्रीधर,

तुला दुसऱ्या ठिकाणी काम मिळालं, पगार कमी असला तरी मिळालं, हे आईला सांगितलं. "तिथं काय करतो?" म्हणाली. पांढऱ्या पिशव्यांचं काम आहे, सडवायचं, असं सांगितलं. तिला ते जास्त बरं वाटलं. सडणं तिच्या ओळखीचं आहे.

आज मी लिहायला बसले ते माझ्या मनानं नाही. बसवलं आहे.

झालं असं. एप्रिलच्या बैठकीनंतर दाजी महिनाभर घुम्यासारखे होते. मग एक दिवस मार्केट यार्डात कुणाचा तरी कांदा पोचवायला गेले आणि परत येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोबीची पानं भरून घेऊन आले. मला काही सांगितलं नाही. दादांच्या विहिरीपलीकडच्या पडीक तुकड्यात खड्डा खणला आणि ओतली. दोन दिवसांनी पुन्हा एक ट्रॉली. बायडाबाईनं मला विचारलं, "आता ह्यो बी कचराच आनाया लागला का?"

काल रात्री जेवताना ते एकदम बोलले. तांब्या न वाजवता. "तुझ्या भावाच्या कागदात हुतं. पांढरी पिशवी वेगळी लागती. यार्डातला माल आधीच वेगळा असतो. त्यात पिलास्टिक न्हाय, काच न्हाय. निस्ता पाला. त्याला डोंगरावर कशाला न्यायचं?"

बैठकीत मान खाली घालून बसलेला माणूस हे सगळं ऐकत होता.

मी म्हणाले, "मग चांगलं आहे की."

"चांगलं कुठलं?" ते म्हणाले. "नासलं सगळं."

मी सकाळी जाऊन पाहिलं. खरंच नासलं आहे. काळं पाणी साचलं आहे, वास डोंगरापेक्षा वाईट. आप्पासाहेबांची माणसं बांधावर उभी राहून हसून गेली. बायका म्हणतात, आणखी एक खड्डा झाला गावात. मला वाटलं, हे आता माती ओढून बुजवतील आणि पुन्हा गप्प होतील. तर आत्ता दुपारी मी पुढच्या वर्षाचं टाचण काढत होते, तिथे येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्याला लिही. कुठं चुकलं ते इचार."

मी विचारलं, काय काय लिहू? तर म्हणाले, तुला नीट सांगता यायचं न्हाय, हिकडं दे. म्हणून पुढचं त्यांच्या अक्षरात आहे. सातवीनंतर त्यांनी हातात पेन धरल्याचं मी पाहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून वाच.

ताई

श्रीधर,

तुझी ताई लई लांबण लावती. मी थोडक्यात लिहितो. खड्डा चार हात खोल हाय. खाली मुरूम. निस्ता हिरवा पाला टाकला, वर काय टाकलं न्हाय. आठ दिस बरा हुता, हाताला गरम लागायचा. मग थंड पडला आन पानी सुटलं. माझ्या मतं ओलं जास्त झालं, वाळलेलं काय तरी मधी पायजे. मांजरीच्या रानात उसाचं पाचट पडून हाय, लोक पेटवून देत्यात. ते घातलं तर चालंल का? किती पाल्याला किती पाचट? आन पानी आधी उपसू का तसंच ऱ्हाऊ देऊ?

आई बरी हाय. शेजारी बसून बघती मी काय लिहितो ते.

लवकर कळव. मी खड्डा बुजवलेला न्हाय.

तुझा दाजी